आधी पाण्याची वाट शोधा: जुन्या इमारतींच्या संवर्धनात येऊ पाहणाऱ्या आर्किटेक्टसाठी

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं विचारतात, 'हेरिटेजमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?' त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा दिव्यांनी उजळलेलं सीएसएमटी असतं, नाहीतर २०१६ साली पुन्हा उघडलेलं मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस. प्रत्यक्षात या कामाची पहिली काही वर्षं कौलांवर चढण्यात, पन्हळीत अडकलेला पाला उपसून बघण्यात, चुन्याचे नमुने घासण्यात आणि निविदेतली एकेक ओळ चार वेळा लिहिण्यात जातात. शेवटी फीत कापली जाते तेव्हा तुम्ही बहुधा फोटोच्या कडेला असता. हे चालणार असेल तर पुढचं वाचा.

पायरी १: पदवी, आणि त्या पाच वर्षांत काय करायचं

हेरिटेजसाठी सुरुवातीला वेगळी पदवी लागत नाही. नेहमीचं पाच वर्षांचं बी.आर्क., त्यासाठी नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर दोन, आणि पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी. १९७२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, त्यामुळे ते काम रेंगाळू देऊ नका.

कॉलेजात जे शिकवतात ते जवळपास सगळं आरसीसीचं असतं. दगडी कमान वजन कसं पेलते, छपराची लाकडी कैची कुठे ढिली पडते, सव्वादोन फुटी भिंतीच्या पोटात काय भरलेलं असतं, हे अभ्यासक्रमात ओझरतं येतं. ते स्वतः भरून काढावं लागतं. सोपी संधी म्हणजे नासाची (आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची) लुई कान ट्रॉफी: विद्यार्थ्यांची ही स्पर्धा दस्तऐवजीकरणाचीच असते. बक्षीस मिळो न मिळो, एखादं गाव किंवा घाट संपूर्ण मोजून काढल्याचा अनुभव पुढे कुठल्याही मुलाखतीत उपयोगी पडतो. प्रॅक्टिकल ट्रेनिंगच्या सत्रासाठी मात्र थेट संवर्धनाचं काम करणारं ऑफिस शोधा. चकचकीत रेंडर करणाऱ्या ऑफिसात ते सत्र घालवलंत तर पुढे सगळं नव्याने सुरू करावं लागेल.

महाराष्ट्रात राहून काम करायचं असेल तर मोडी लिपी शिकून घ्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यांत बांधकामाचे हिशेब आहेत, सामानाची आणि मजुरीची नोंद आहे. ती वाचता येणारे आर्किटेक्ट फार थोडे आहेत.

पायरी २: एक इमारत निवडा आणि ती मोजा

शनिवारवाडा नको. ज्या घरात रोज जाता येईल आणि ज्याचे मालक तुम्हाला माळ्यावर चढू देतील असा एखादा साधा वाडा, जुनी शाळा, गावातलं देऊळ निवडा. मोठी टेप, लेझर मीटर, ओळंबा, पाणसळ, विजेरी, वही आणि दोन जण एवढ्यावर काम होतं.

आधी हाताने कच्चा नकाशा काढा, मग मापं घ्या. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचेच, कारण जुन्या घरात काटकोन क्वचित सापडतो. भिंतीची मापं तुकड्यातुकड्याने न घेता एका टोकापासून सलग घ्या, म्हणजे लहान चुका साठत जात नाहीत. वाड्यात खण (दोन खांबांमधलं अंतर) हे माप धरून बांधणी झालेली असते. ते एकदा सापडलं की खांब कुठे असायला हवा होता आणि नंतर कुठे सरकवला हे आपोआप कळू लागतं. तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, तुळई (खांबांवरचं जाड आडवं लाकूड), कड्या, वर कडीपाट (कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत), छपराला वासे (उतरती लाकडं), रिपा आणि आढं (छपराच्या माथ्याचं लाकूड): ही नावं कारागिराच्या तोंडून ऐका आणि नकाशावर तीच लिहा. साइटवर कड्यांना 'जॉइस्ट' म्हणालात तर मिस्त्री मान डोलावेल आणि त्याला हवं ते करेल.

भिंत कललेली असेल तर कललेलीच काढा. नवखे लोक नकळत सगळं सरळ करून टाकतात, आणि मग त्या सुंदर नकाशाचा काहीच उपयोग उरत नाही. आता फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मापं काढणं) आणि लेझर स्कॅनिंग सहज मिळतं, वापराही. पण स्कॅनरला पोकळ गिलावा ऐकू येत नाही. बोटाच्या पेराने भिंत वाजवत फिरलं की येतो.

नकाशा तयार झाला की त्याच्यावर दुखणी भरा: भेगा, ओल, लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार), सुटलेले पोपडे, वाळवीच्या वाटा, भिंतीतून उगवलेली झाडं. प्रत्येकाला वेगळी खूण. हा दुखण्यांचा नकाशाच पुढच्या सगळ्या निर्णयांचा आणि खर्चाच्या अंदाजाचा पाया असतो. भेग वाढतेय की जुनी आहे हे एका भेटीत सांगता येत नाही. तिच्यावर दोन बाजूंना पक्की चिकटवलेली काचेची पातळ पट्टी लावा, तारीख लिहा आणि ठरलेल्या दिवसांनी बघा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. ती का हलते ते कळेपर्यंत भेग बुजवायची नाही.

जुने फोटो शोधायला कुटुंबाच्या लग्नांचे अल्बम मागा. चौकातल्या मांडवामागे खांबांचा मूळ रंग, काढून टाकलेला कठडा, बुजवलेली खिडकी असं बरंच काही सापडतं. अर्काइव्हमध्ये साध्या घराचा फोटो कुणी जपून ठेवलेला नसतो.

पायरी ३: पाणी

माझ्या मते ही या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आपल्याकडे जुन्या इमारतीचं जे काही बिघडतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असतं. लाकूड कुजतं ते भिंतीत गेलेल्या टोकाशी, कारण ओल तिथे असते. वाळवी येते ती ओलीच्या मागे. पिंपळ उगवतो तो दर्जात, म्हणजे दगड-विटांच्या सांध्यांत, पाणी मुरलं म्हणून. रंगाचे पोपडे, लोणा, फुगलेला गिलावा ही सगळी नंतरची लक्षणं.

म्हणून निवडलेली इमारत उन्हाळ्यात मोजा आणि भर पावसात पुन्हा बघायला जा. छत्री घेऊन बाहेर उभं राहा. पागोळ्या कुठे पडतात? त्या जोत्याला लागून पडत असतील तर उडालेलं पाणी भिंतीच्या पायाला मारतंय. पन्हळ कुठे तुंबते? दोन छपरं जिथे भेटतात त्या पन्हळीत काय अडकलंय? वरच्या मजल्यावर नंतर कुणी संडास-बाथरूम काढलंय का? पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत ही नंतरची न्हाणीघरं तुळया खाऊन टाकतात, आणि ते खालच्या छताचा पाट उघडेपर्यंत दिसत नाही. अंगणात फरसबंदी पुन्हापुन्हा चढवत नेल्यामुळे जोतं गाडलं गेलंय का? रस्ता उंच झाल्यामुळे पाणी आत येतंय का? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय खालच्या ओलीवर कुठलंही रसायन टोचून घेऊ नका.

पिंपळाचं रोप दिसलं की उपटायचा मोह होतो. मुळं भिंतीच्या पोटात गेलेली असतात. ओढलं की दगडही बरोबर येतात. खोड जिथून निघालंय तिथे कापून, मुळाला औषध देऊन, ते मेल्याची खात्री झाल्यावर दर्जा भरायच्या. रोप बोटाएवढं असताना हे काम एका दुपारचं असतं. मनगटाएवढं झालं की परांची लागते आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब घालावी लागते.

आणि जपून वावरा. कौलारू छपरावर पाय ठेवायचा तो वाशाच्या रेषेत. जुना मजला आधी खालून बघायचा, मगच वरून चालायचं. मनोऱ्यावर किंवा किल्ल्यावर चढण्याआधी आग्या मोहोळ आहे का हे गावकऱ्यांना विचारायचं. हेल्मेट त्याच्यापासून वाचवत नाही.

पायरी ४: चुना हाताळा

चुना पुस्तकातून येत नाही, त्यामुळे संधी मिळेल तिथे हात घाला. तत्त्व एवढंच: चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात टाकला की तो उकळून विरतो. पुढे भिंतीवर लागल्यावर हवेतला तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू दगड बनतो. 'हळूहळू' हा शब्द ठेकेदाराला समजावणं हे तुमचं खरं काम. चुना विरवताना गॉगल आणि हातमोजे घालायचेच, कारण उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका मऊ आणि कामाला चांगला. किल्ल्यांवर गोल दगडी घाणे पाहिले असतील, त्यांत हाच चुना वाळू-सुरखीबरोबर मळला जायचा. भाजलेल्या विटेची भुकटी म्हणजे सुरखी. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. म्हणून टाक्या, हौद, न्हाणीघरं अशा ठिकाणी ती सापडते.

गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी, उडीद यांबद्दल इंटरनेटवर फार भक्तिभावाने लिहिलेलं असतं. हे पदार्थ वापरले जायचे, काहींचा उपयोगही होतो. पण प्रत्येक वास्तूत प्रत्येक पदार्थ होताच असं नाही. मूळ चुन्याचा तुकडा तपासून घ्या. सोपी चाचणी म्हणजे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तो विरघळवायचा: चुना जातो, वाळू उरते, प्रमाण आणि वाळूची जात दोन्ही कळतात. कोकणात मात्र सावध राहा. किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, तेही आम्लात विरघळतात, आणि मग चुना होता त्यापेक्षा जास्त वाटतो.

सिमेंटला विरोध हा जुन्याचा हट्ट नाही. जुनी वीट आणि चुना दोन्ही मऊ, दोन्हीतून ओल ये-जा करते. दर्जात सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. आत शिरलेलं पाणी विटेतून बाहेर पडू लागतं, बरोबर क्षार आणतं, ते क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन पापुद्रे उडवतात. काही वर्षांनी बघाल तर सिमेंटची दर्ज जाळीसारखी शाबूत आणि मधली वीट खोल खाल्लेली. हे दृश्य एकदा नीट ओळखायला शिका, तुमच्या शहरात ते जागोजागी आहे. आणि 'साहेब, जरासं सिमेंट टाकतो, लवकर धरेल' हे वाक्य तुम्ही प्रत्येक साइटवर ऐकणार. उत्तर ठरलेलं: नाही. त्याऐवजी चुन्यावर पांघरलेले गोणपाट ओले ठेवा.

गिलाव्याबद्दल गोव्याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस बॅसिलिका, १६०५ सालचं, जांभ्या दगडाचं. जांभा मऊ आणि सच्छिद्र, गोव्याचा पाऊस तुफान, म्हणून तिथल्या चर्चना बाहेरून चुन्याचा गिलावा असायचा. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, या चर्चचा गिलावा उतरवला गेला. दगड उघडा दिसला की वास्तू जास्त प्राचीन वाटते या कल्पनेतून. तेव्हापासून जांभा पावसात झिजतो आहे. आता पुन्हा गिलावा करावा असं तज्ज्ञ म्हणतात, तर कित्येकांना लाल चर्च हेच मूळ वाटतं, कारण त्यांच्या दोन पिढ्यांनी ते तसंच पाहिलंय. तांत्रिक उत्तर सोपं आहे, पण लोकांना ते पटवणं अवघड. कोकणातल्या घरांचा गिलावा काढून 'नॅचरल लुक' मागणारे मालक तुम्हालाही भेटतील.

दगडी देवळांचं उलट. विश्वस्त मंडळ भक्तीने ऑइल पेंट देतं, पुढचं मंडळ तो काढायला वाळूचा फवारा मारतं, आणि नक्षीची धार जाते. काळ्या दगडावरचा रंग काढता येतो, पण हळूहळू, आधी लहानशा जागी नमुना करून. विश्वस्तांशी बोलताना संवर्धनाची तत्त्वं सांगणाऱ्या सनदांचे दाखले देऊ नका. त्यांना गाभाऱ्यातली ओल दाखवा.

पायरी ५: लाकूड आणि इतर साहित्य

वाड्यातला सागवान शंभर-दीडशे वर्षांनंतरही बहुतेक जागी ठणठणीत असतो. टोच्याने टोचून आणि हातोडीने वाजवून कुजका भाग शोधा. तो प्रायः टोकाशी सापडतो. तेवढा कापून जुन्याच जातीच्या लाकडाचा जोड देता येतो. अख्खी तुळई बदलायचा सल्ला देणाऱ्याला आधी कारण विचारा. उतरवलेल्या वाड्यांचं लाकूड व्यापाऱ्यांकडे मिळतं. ते वापरायला हरकत नाही, पण ते कुणाच्या तरी पाडलेल्या वाड्याचं आहे हे लक्षात ठेवून मोजकंच घ्या.

मुंबईत काम केलंत तर दगडांची ओळख व्हायला हवी: काळा बसाल्ट, पिवळट मालाड, कुर्ला, आणि गुजरातेतून आलेला पोरबंदर. शेवटचा चुनखडीचा, त्यामुळे आम्ल लावलं की गेलाच. सफाईवाल्याला हे आधी सांगा.

भित्तिचित्रं, रंगीत काच, कापड, धातूच्या वस्तू यांना हात लावू नका; त्यासाठी कलावस्तूंचे प्रशिक्षित संवर्धक असतात. अजिंठ्याला १९२०च्या सुमारास निजामाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं सांभाळायला लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा-काळसर पडला आणि पुढच्या पिढ्यांना तो सोडवत बसावं लागलं. त्या काळचे उत्तम तज्ज्ञ होते ते. जे उद्या काढता येणार नाही ते आज लावायचं नाही, हा नियम तिथून घ्या.

पायरी ६: कायदा आणि सनदा

पहिला प्रश्न कायम हाच: इमारत कुणाच्या यादीत आहे?

केंद्राच्या यादीत असेल तर १९५८चा कायदा आणि पुरातत्त्व सर्वेक्षण खातं. २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवतीचं १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढचं २०० मीटर विनियमित क्षेत्र. स्मारकाशेजारच्या साध्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते, हे घरमालकाला बहुधा तुम्हीच पहिल्यांदा सांगणार. राज्याच्या यादीत असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. महापालिकेच्या यादीत असेल तर हेरिटेज समिती. मुंबईत १९९५ साली हे नियम आले. तिथल्या श्रेणी लक्षात ठेवा. श्रेणी एकला जवळपास हात लावायचा नाही, श्रेणी दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर विचारपूर्वक चालतो, श्रेणी तीनमध्ये सवलत जास्त. कुठल्याच यादीत नसलेल्या इमारतींची संख्या सगळ्यात मोठी, आणि तिथे कायद्याचं बळ तुमच्याकडे नसतं, फक्त समजूत घालायची हातोटी असते.

वास्तूचा कायदा कळला तरी भाड्याचा कायदा कळल्याशिवाय मुंबई-पुण्यात काम होत नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. महिन्याला चहापाण्याएवढं भाडं मिळणाऱ्या मालकाकडून छप्पर शाकारायची अपेक्षा कोण करणार? शिवाय मिळकत पत्रिकेवर वारसांची रांग. म्हणून पहिल्या भेटीतच मिळकत पत्रिका मागा आणि सह्या किती लागतील ते मोजा. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे, आणि तिच्यातून 'सी-१' शेरा आला की रिकामी करून पाडायची नोटीस येते. आरसीसीच्या सवयीने लाकडी चौकट तपासणारे इंजिनियर असतात. जुन्या बांधकामाची समज असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर तुमच्या ओळखीचा असणं हे तुमच्या पहिल्या भांडवलात मोडतं.

सनदा वाचा, पण पाठ करू नका. १९६४च्या व्हेनिस सनदेचं सार असं, की जिथून अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबते. ऑस्ट्रेलियाची बुर्रा सनद आवश्यक तेवढंच आणि कमीत कमी करायला सांगते. १९८४ साली स्थापन झालेल्या इंटॅक या वारसा जपणाऱ्या भारतीय संस्थेने २००४ मध्ये स्वतःची सनद आणली. ती आपल्याकडे पाथरवट, सुतार, गवंडी अजून हयात आहेत हे जमेस धरते आणि त्यांच्या परंपरेतून नवं घडवण्याला जागा देते. युरोपचा नियम आणि आपली वस्तुस्थिती यांत ओढाताण आहे, आणि कामाच्या मधोमध ती तुमच्यापुढे उभी राहते: झिजलेली महिरप तशीच ठेवायची की ज्याच्या आजोबांनी ती घडवली त्याच्याकडून नवी करून घ्यायची? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, मूळ तुकडा जपून ठेवून आणि नव्यावर तारीख कोरून.

पायरी ७: पुढचं शिक्षण

दिल्ली आणि भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ इथे संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. सरकारी संस्थांसाठी गेट परीक्षेचा गुण धरला जातो. परदेशात यॉर्क (इंग्लंड) आणि लूव्हेन (बेल्जियम) जुनी केंद्रं, तर रोमचं इक्रोम हे आंतरराष्ट्रीय संवर्धन केंद्र छोटे प्रशिक्षण वर्ग घेतं. शिष्यवृत्तीसाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्ट आणि इंटॅकच्या योजना बघा.

पदवी झाल्या झाल्या मास्टर्सला पळू नका. दोन-तीन पावसाळे साइटवर काढून गेलात तर तिथे विचारायला प्रश्न असतील.

पायरी ८: नोकरी, पैसे आणि निविदा

सुरुवातीचा पगार बिल्डरच्या ऑफिसपेक्षा कमी असतो, आणि फरक बरीच वर्षं टिकतो. घरी हे आधी बोलून ठेवा. काम मिळतं चार ठिकाणांहून: सरकार आणि महापालिका, धार्मिक आणि पारशी-ख्रिस्ती वगैरे ट्रस्ट, कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा (सीएसआर) निधी, आणि खासगी मालक. भायखळा रेल्वे स्टेशन बघा: रेल्वेची इमारत, पैसा खासगी ट्रस्टचा, आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांचं ऑफिस; २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून पुन्हा उभं केलं, विकास दिलावरी त्याचे संवर्धन आर्किटेक्ट. दोन्ही जागा जाऊन बघा, आणि बघताना झुंबराकडे नको, पावसाळी पाइप, छपराचे कोपरे आणि नव्या वायरी कशा लपवल्या आहेत त्याकडे बघा.

सरकारी कामाचा कणा म्हणजे निविदा, आणि कॉलेजात ती कुणी शिकवत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची मुख्यतः नव्या बांधकामाची. घाण्यात मळलेल्या चुन्याचा गिलावा किंवा तुळईच्या टोकाला दिलेला जोड या बाबी तिच्यात हव्या तशा सापडतीलच असं नाही. मग दर पृथक्करण करायचं: माल किती, मजुरी किती, वाहतूक किती, आणि त्याच्या जोडीला दरपत्रकं. बाबीचं वर्णन असं लिहा की त्यातून पळवाट निघणार नाही. 'चुन्याचा गिलावा करणे' एवढंच लिहिलंत तर सर्वात कमी दराचा ठेकेदार बाजारातली चुन्याची पिशवी आणि सिमेंट मिसळून देईल, आणि नियमाने तो बरोबर ठरेल. चुना कुठल्या प्रतीचा, किती दिवस मुरवलेला, सुरखी किती, थर किती आणि किती जाडीचे, दोन थरांत अंतर किती, पाणी किती दिवस, आणि आधी तुम्ही मंजूर केलेला नमुना, हे सगळं त्या एका परिच्छेदात यायला हवं. तांत्रिक लिफाफ्यात पूर्वीच्या संवर्धन कामाचा अनुभव मागा, फोटोंसह.

उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या नुकसानीसाठी अंदाजपत्रकात आधीच जागा ठेवा. नाहीतर कडीपाट उघडल्यावर तुळई कुजलेली निघेल, जादा बाबीची फाइल टेबलाटेबलांवर फिरेल, आणि छप्पर उघडं असताना जून येईल.

मोजणी आणि अहवालाची फी कामाच्या फीपासून वेगळी ठरवा आणि आधी घ्या. कित्येक प्रकल्प अहवालापाशीच थांबतात. सरकारी बिलं उशिरा येतात, म्हणून पहिल्या वर्षी फक्त सरकारी कामावर ऑफिस चालवायला जाऊ नका.

कारागिरांचं वेगळं सांगतो. सुतार आणि पाथरवट कोण येणार हे निविदेच्या आधी विचारून ठेवा. चांगला माणूस दोन-दोन साइटला बांधलेला असतो. वयाने मोठ्या मिस्त्रींना काका म्हणा, जेवायच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, आणि 'हे तुम्ही कसं केलं असतं?' हे विचारून मग आपलं रेखाचित्र दाखवा. अहवालात त्यांची नावं छापा. ही प्रथा आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

पायरी ९: पहिलं स्वतंत्र काम

ते लहान असू द्या. एखाद्या वाड्याचं छप्पर पुरे. क्रम मात्र मोडू नका: सुरुवातीला जिथे धोका आहे तिथे टेकू. नंतर पाण्याच्या वाटा, म्हणजे छप्पर, पन्हळी, जोत्याभोवतीचा निचरा. मग चौकट आणि तुळया. मग भिंती आणि दर्जा. मग गिलावा. वायरिंग गिलाव्याच्या आधी. रंग सगळ्यात शेवटी, आणि तोही चुन्याचा. मालकाला आधी रंगच दिसायला हवा असतो. दर्शनी भागाचा एक छोटा तुकडा नमुना म्हणून रंगवून दिला की त्याचा धीर टिकतो. छप्पर उघडायचं ते दिवाळीनंतर, आणि बंद करायचं ते मे संपायच्या आत.

रोज फोटो काढा, त्याच जागेवरून, आधी-मध्ये-नंतर. बदललेला प्रत्येक वासा नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. पन्नास वर्षांनी जो आर्किटेक्ट इथे येईल त्याला तुमचं काम आणि मूळ काम वेगळं करता आलं पाहिजे.

काम सोपवताना मालकाच्या हातात एका पानाचं देखभालीचं वेळापत्रक द्या, मराठीत, भिंतीवर चिकटवता येईल असं. मेच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळी साफ करायच्या, फुटलेली कौलं बदलायची, त्यासाठी त्याच मापाची काही कौलं माळ्यावर ठेवलेली आहेत. पहिल्या मोठ्या पावसानंतर माळ्यावर विजेरी घेऊन जायचं. दसऱ्याच्या सफाईत भिंतींतली रोपं बघायची. वाळवीची वाट दिसली तर झाडून टाकायची नाही, आधी कळवायचं. कूलर आणि डिश अँटेना कोरीव लाकडाला ठोकायच्या नाहीत. आणि तळाशी तुमच्या नंबरासह, मोठ्या अक्षरांत: भिंतीला ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफ रंग लावायचा विचार आला की आधी फोन करा.